रुग्ण चिडतो तेव्हा परिचारिका काय करते?



दोन महिन्यांपूर्वी एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा स्किझोफ्रेनियाच्या उपचारांसाठी दुसऱ्यांदा रुग्णालयात दाखल होता. भेटीच्या वेळी त्या डबा घेऊन वॉर्डापाशी पोहोचल्या, तेव्हा आतून आरडाओरडा ऐकू येत होता. अर्धवट उघड्या दारातून त्यांना दिसले की, चौघांनी मुलाचे हातपाय धरले आहेत, एक ब्रदर इंजेक्शन देत आहेत आणि एक सिस्टर त्याच्या डोक्यापाशी बसून त्याच्याशी काही बोलत आहेत. डबा तसाच घेऊन त्या घरी परतल्या. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. माझ्या मुलाला तिथे मारतात का? असे धरणे कायद्यात बसते का? आणि त्याला घरी घेऊन येऊ का?

मी मनोविकारतज्ज्ञ नाही. पंचवीस-तीस वर्षे एकाच परिसरातील कुटुंबांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. परंतु मनोरुग्णाला दाखल करण्यापूर्वी आणि घरी आणल्यानंतर कुटुंबे माझ्याकडेच येतात आणि असे प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. म्हणून या अंकात आपण त्या बंद दाराआडच्या कामाची ओळख करून घेऊ. ती करून घेतल्यावर आपल्या ध्यानात येईल की, त्या कामातील मोठा भाग घरीही शिकता येतो.

राग कोठून येतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. बहुसंख्य मनोरुग्ण कधीच कोणावर हात उगारत नाहीत. दुसऱ्यांकडून मार, फसवणूक आणि अवहेलना त्यांच्याच वाट्याला अधिक येते. तथापि तीव्र आजाराच्या काळात काही रुग्ण आक्रमक होतात, हेही नाकारून चालणार नाही. ज्याला सतत वाटते की, आपल्या जेवणात विष घातले आहे, त्याच्यासमोर कोणी ताट घेऊन आले तर तो ताट भिरकावील. ज्याच्या कानात ‘हा माणूस तुला मारणार आहे’ असा आवाज घुमतो आहे, तो पाठीमागून आलेल्या स्पर्शाने दचकून वळेल आणि फटका मारील. आपल्याला दिसतो तो राग. त्याच्या पोटात पुष्कळदा भीती असते.

यात वॉर्डाची भर पडते. दार बंद, माणसे अनोळखी, झोपेच्या वेळा दुसऱ्याने ठरवलेल्या, बिडी हवी तर मागायची आणि घरी फोन करायचा तरी मागायचा. कित्येकदा रुग्णाला तेथे आणलेलेही फसवून असते. ‘देवदर्शनाला जाऊ’, ‘मावशीकडे पुण्याला जाऊ’ असे सांगून गाडीत बसवले जाते आणि गाडी रुग्णालयाच्या फाटकाशी थांबते. कुटुंबाची त्यामागची अगतिकता मी जाणतो. परंतु त्या दिवशी तुटलेल्या विश्वासाची किंमत प्रथम चुकवते ती वॉर्डातील परिचारिका. रुग्णाच्या दृष्टीने तीही त्याच कटातील असते.

मनोविकारतज्ज्ञ राउंडला येतात आणि जातात. दिवसरात्र रुग्णाजवळ असतात त्या परिचारिका, परिचारक, मावशी आणि मामा. नकार देण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते. ‘आता चहा मिळणार नाही’, ‘आंघोळ करायलाच हवी’, ‘आज सुट्टी नाही’ ही वाक्ये त्यांना दिवसातून अनेकदा बोलावी लागतात. वॉर्डातील बरेचसे भडके नेमके अशा नकाराच्या किंवा सक्तीच्या क्षणीच उडतात. त्यामुळे नकार कसा द्यावा, हा या व्यवसायातील मोठा अभ्यासाचा विषय आहे.

वाफ दिसते, मग उकळी फुटते

दूध उतू जाण्यापूर्वी कडेला बुडबुडे दिसतात. अनुभवी परिचारिका रुग्णाकडे तशाच नजरेने पाहते. नॉर्वेमध्ये तयार झालेली ‘ब्रोसेट’ नावाची एक छोटी तपासणी-यादी अनेक देशांतील मनोरुग्णालयांत वापरली जाते. तिच्यात सहाच बाबी आहेत : गोंधळलेपणा, चिडचिड, दंगा किंवा मोठमोठ्याने बोलणे, शब्दांनी धमकावणे, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची आदळआपट. प्रत्येक पाळीत परिचारिका या सहा खुणा तपासते. आढळलेल्या प्रत्येक खुणेला एक गुण. तीन किंवा अधिक गुण झाले, तर पुढील चोवीस तासांत धोका मोठा आहे असे समजून आधीच उपाययोजना केली जाते.

या यादीत ‘हा रुग्ण मुळातच वाईट आहे’ अशी बाब कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. नेहमी शांत असणारा मनुष्य आज येरझाऱ्या घालतो आहे, हा बदल महत्त्वाचा. तो टिपायचा तर त्याचे नेहमीचे वागणे ठाऊक हवे, आणि ते ठाऊक असते रोज सहवासात असणाऱ्यालाच.

आधी शरीर तपासावे

येथे माझ्यासारख्या साध्या डॉक्टरचा संबंध येतो. अचानक आक्रमक झालेली प्रत्येक व्यक्ती मनोरुग्ण असते असे नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली, तर तो घामाघूम होऊन वाटेल ते बोलू लागतो. वृद्ध व्यक्तीला लघवीचा जंतुसंसर्ग झाला किंवा रक्तातील सोडियम उतरले, तर रात्री भ्रम होऊन ती घरच्यांनाच चोर समजू शकते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली, तर दोन-तीन दिवसांत हातांना कंप, घाम, भास आणि हाणामारी सुरू होऊ शकते. ही तर जिवावर बेतणारी अवस्था आहे. डोक्याला मार लागणे, तीव्र ताप, फिटनंतरचा गोंधळ ही आणखी काही कारणे. म्हणूनच चांगली परिचारिका चिडलेल्या रुग्णाची नाडी, ताप, रक्तदाब आणि साखर पाहायला विसरत नाही.

काही मनोविकारविरोधी औषधांचा एक दुष्परिणामही असाच फसवतो. रुग्णाच्या पायांत विलक्षण तगमग सुरू होते. त्याला बसवत नाही, उभे राहवत नाही. तो सारखा चालत राहतो आणि चिडतो. ही आजाराची वाढ समजून त्याच औषधाची मात्रा वाढवली, तर तगमगही वाढते. ‘पायांत कसे वाटते आहे?’ हा परिचारिकेचा एक प्रश्न अशा वेळी रुग्णाची मोठ्या यातनेतून सुटका करू शकतो. घरीही हे ध्यानात ठेवावे आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शब्दांची परिचर्या

समजा, एक तरुण वॉर्डाच्या दारावर धडका देत ओरडतो आहे, “मला घरी जायचंय! आत्ताच्या आत्ता दार उघडा!” त्यावर एक उत्तर असे, “गप बस, नाहीतर इंजेक्शन देईन.” या उत्तराने औषधाची शिक्षा होते आणि पुढील प्रत्येक इंजेक्शन रुग्णाला सूडच वाटू लागते.

प्रशिक्षित परिचारिका काय करते? ती दोन हातांच्या अंतरावर, किंचित तिरकी उभी राहते. अगदी समोर छाती काढून उभे राहिले की ते आव्हान वाटते. तिचे हात मोकळे आणि दिसतील असे असतात. ती रुग्णाला कोपऱ्यात अडकवत नाही आणि स्वतःही अडकत नाही. दोघांनाही बाजूला होण्यास वाट राहते. इतर सहकारी मागे थांबतात, इतर रुग्णांना दूर नेतात. बोलते ती एकटीच. कारण चार जणांनी एकदम दिलेले चार उपदेश घाबरलेल्या मेंदूत शिरत नाहीत. वाक्ये लहान, आवाज खाली. एक वाक्य बोलून ती थांबते, उत्तराची वाट पाहते आणि लागल्यास तेच वाक्य त्याच शांतपणे पुन्हा सांगते.

“दादा, घरची आठवण येतेय ना? दार उघडणं माझ्या हातात नाही, तुम्हाला खोटं सांगणार नाही. अकरा वाजता डॉक्टर येतील, तेव्हा तुमच्याबरोबर उभी राहून मी स्वतः विचारीन. तोवर इथे बसूया की व्हरांड्यात?”

या चार वाक्यांत काय काय आहे ते पाहा. रुग्णाच्या भावनेची दखल आहे, स्पष्ट नकार आहे, निभावता येईल एवढेच आश्वासन आहे आणि शेवटी एक छोटी निवड त्याच्या हाती दिली आहे. ज्याच्या हातून सगळेच निसटले आहे, त्याला ‘इथे की तिथे’ एवढे ठरवता येणेही आधार देते. मर्यादाही त्याच सुरात सांगायची असते : “रागावलात तरी चालेल, बोला, पण मारायचं नाही. तुम्हालाही इथे कोणी मारणार नाही.”

भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये, हा आणखी एक नियम. ‘जेवणात विष आहे’ म्हणणाऱ्याला ‘काहीतरीच काय बोलतोस?’ म्हटल्याने भ्रम जात नाही. आपण शत्रुपक्षात जमा होतो. ‘हो, असेल खरे’ म्हटल्याने भ्रम पक्का होतो. “मला तसं वाटत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय. तुमच्या हाताने वाढून घेता का?” असा मधला मार्ग असतो.

वॉर्डच बदलला तर?

एकेका प्रसंगाबरोबरच संपूर्ण वॉर्डाचे वातावरणही महत्त्वाचे असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील मनोरुग्ण परिचर्येचे प्राध्यापक लेन बॉवर्स यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत आखली आणि लंडन परिसरातील १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत तिची चाचणी घेतली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या वॉर्डांत ही पद्धत वापरली, तेथे तुलनेतील वॉर्डांपेक्षा भांडणे, धमक्या, स्वतःला इजा करून घेणे अशा घटना सुमारे १५ टक्क्यांनी, तर धरून ठेवणे, कोंडणे, सक्तीचे औषध देणे अशा उपायांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटले.

या पद्धतीत कोणतेही महागडे यंत्र किंवा नवे औषध नाही. तिच्यात साधे दहा उपाय आहेत. उदाहरणार्थ, कर्मचारी आणि रुग्ण मिळून एकमेकांकडून काय अपेक्षा आहेत ते ठरवतात. परिचारिका आणि रुग्ण एकमेकांना आपल्या आवडीनिवडी सांगतात. सिस्टरना क्रिकेट आवडते हे कळले की बोलायला विषय मिळतो. पाळी बदलताना रुग्णाविषयी एक तरी चांगली गोष्ट सांगायची. शांत होण्यास उपयोगी पडतील अशा संगीतासारख्या गोष्टी हाताशी ठेवायच्या. वॉर्डात कोणाचा भडका उडून गेला की बाकीच्या घाबरलेल्या रुग्णांजवळ जाऊन त्यांना धीर द्यायचा. बऱ्या होऊन घरी जाणाऱ्यांनी मागे राहणाऱ्यांसाठी चार ओळी लिहून भिंतीवर लावायच्या.

त्यातील एक उपाय प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्यावा असा आहे. रुग्णाला वाईट बातमी मिळणार असेल, तर परिचारिकेने ती आधी ओळखावी, त्याला बाजूला बसवून हळुवारपणे सांगावी आणि नंतर काही वेळ जवळ थांबावे. ‘रविवारी नक्की येतो’ असे सांगून भाऊ येत नाही. रुग्ण सकाळपासून केस विंचरून दारापाशी बसतो. संध्याकाळी त्याने ताट फेकले, तर नोंदवहीत ‘रुग्ण आक्रमक’ एवढेच येते. भावाचा सकाळी एक फोन आला असता, तर परिचारिकेला ती संध्याकाळ टाळता आली असती.

साखळीपासून कायद्यापर्यंत

मनोरुग्णांच्या साखळ्या तोडणारा म्हणून वैद्यकाच्या इतिहासात फ्रान्सचे डॉक्टर फिलिप पिनेल यांचे नाव अग्रभागी येते. परंतु पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये साखळ्या प्रत्यक्ष काढल्या त्या झां-बाप्तिस्त प्युसां यांनी. ते डॉक्टर नव्हते. कातडी कमावण्याचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ गंडमाळांच्या आजारासाठी त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून आले आणि पुढे तेथेच कामाला लागले. रुग्णांना मारण्यास त्यांनी कर्मचाऱ्यांना बंदी केली आणि बऱ्या झालेल्या रुग्णांनाच शुश्रूषेच्या कामावर घेतले. स्वतः सोसलेला माणूस दुसऱ्यावर सहसा हात टाकत नाही, हा त्यामागचा हिशेब. साखळीच्या जागी त्यांनाही कधी कधी बंद बाह्यांचा कापडी अंगरखा वापरावा लागे. तरीही सेवकाच्या वागणुकीने रुग्णाचे वागणे बदलते, हे त्यांनी करून दाखवले. स्वतः पिनेल यांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे.

आपल्याकडे साखळी फार काळ टिकली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जणांचा मृत्यू झाला.

आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू आहे. त्यानुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधता येत नाही आणि एकांतात कोंडूनही ठेवता येत नाही. रुग्णाला धरून किंवा बांधून ठेवण्याची मुभा आहे ती एकाच परिस्थितीत : त्याच्याकडून त्याला स्वतःला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि ती टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल. त्यास उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांची अनुमती लागते. आवश्यक तेवढ्याच वेळापुरते ते करता येते आणि त्या काळात वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे सतत लक्ष असावे लागते. शिक्षा किंवा जरब म्हणून ते करता येत नाही. ‘माणसे कमी होती’ हे कारणही कायद्याला मान्य नाही. कसे धरले, का धरले, किती वेळ धरले याची नोंद केसपेपरवर करावी लागते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते.

आता पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नांकडे वळतो. अर्धवट दारातून दिसलेल्या दृश्यावरून मारहाण झाली असे म्हणता येत नाही. धरण्याचीही एक शिकवलेली रीत आहे. प्रत्येक जण एकेक अवयव सांभाळतो. गळा, छाती आणि पोट यांवर भार पडू देत नाही. रुग्णाला पालथे दाबून धरणे टाळले जाते, कारण त्यात श्वास कोंडून मृत्यू झाल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की, हातांनी धरून ठेवणे सर्वसाधारणपणे दहा मिनिटांपलीकडे जाऊ नये. एक जण डोक्यापाशी राहून चेहऱ्याचा रंग आणि श्वास पाहतो व रुग्णाशी बोलत राहतो : “आम्ही तुम्हाला मारत नाही. हे झोपेचं इंजेक्शन आहे. मी इथेच आहे.” मुलाच्या डोक्यापाशी बसलेल्या त्या सिस्टर बहुधा हेच काम करीत असाव्यात. इंजेक्शननंतर नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध ठरावीक अंतराने तपासणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

परंतु ‘बहुधा’वर आईने समाधान मानण्याचे कारण नाही. आपण इन्चार्ज सिस्टरना आणि डॉक्टरांना शांतपणे विचारावे : त्याआधी काय घडले होते? बोलून पाहिले होते का? किती वेळ धरले? नोंद केली आहे का? मला का कळवले नाही? चांगल्या वॉर्डात या प्रश्नांची उत्तरे मिळतात. अंगावर वळ असतील, उत्तरे टाळली जात असतील, तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. मुलाला घरी नेण्याचा निर्णय मात्र त्या दृश्याच्या धक्क्यात घेऊ नये. आजार भरात असताना अर्धवट उपचारांवर घरी आलेला रुग्ण भडकला, तर त्याला सांभाळायला तेथे शिकलेली चार माणसे नसतील. आपण एकट्या असाल.

प्रसंग संपल्यावर

रुग्ण शांत झाला म्हणजे काम संपत नाही. चांगली परिचारिका एक-दोन दिवसांनी त्याच्याजवळ बसून विचारते, “त्या दिवशी काय झालं होतं? आम्ही काय वेगळं करायला हवं होतं? पुन्हा असं वाटू लागलं तर मला कसं सांगाल?” पुष्कळ रुग्णांना घडलेले आठवते आणि त्यांना त्याची लाज वाटते. त्या लाजेवर कोणी तरी फुंकर घालावी लागते.

आणि परिचारिकेचे काय? मार तिलाही लागतो. चष्मा फुटतो, केस ओढले जातात, अंगावर थुंकले जाते, नको ते शब्द ऐकावे लागतात. दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाला त्याच हाताने गोळी द्यावी लागते. ‘नोकरीच तशी आहे’ म्हणून तिची दुखापत नोंदवलीदेखील जात नाही, आणि मग ती पुढे भीतीने वागू लागते. भ्यालेली परिचारिका लवकर आवाज चढवते, लवकर मदतीला माणसे बोलावते. तिच्यावर उपचार करणे, तिला बोलते करणे आणि पाळीवर पुरेशी माणसे ठेवणे ही रुग्णाच्याच सुरक्षिततेची व्यवस्था आहे. रात्रपाळीला भरलेला वॉर्ड एका सिस्टरवर सोपवून तिच्याकडून शांत शब्दांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

घरी हे लक्षात ठेवा

१. खुणा ओळखा. झोप उडणे, येरझाऱ्या, पुटपुटणे, जेवण नाकारणे, चिडचिड वाढणे. या टप्प्यावरच डॉक्टरांशी बोला.

२. एकानेच बोला. ज्याचे तो ऐकतो, त्याने. मुले आणि वृद्ध यांना शेजारी पाठवा. टीव्ही बंद करा. विळी, कोयता, कात्री गाजावाजा न करता आधीच दूर ठेवा.

३. अंतर ठेवा, दाराची वाट मोकळी ठेवा. पाठीमागून स्पर्श करू नका.

४. ‘वेडा’ हा शब्द, भावंडांशी तुलना आणि ‘पुन्हा अ‍ॅडमिट करीन’ ही धमकी टाळा. रुग्णालय ही शिक्षा ठरवली, तर उपचारांची वाट आपणच बंद करतो.

५. चहात किंवा भाजीत चोरून गोळी मिसळू नका. ते उघडकीस आले की ‘मला विष देतात’ या भ्रमाला पुरावा मिळतो. गोळी घेत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना सांगा. त्यावर दुसरे उपाय आहेत.

६. मार बसू लागला तर झटापट करू नका, बाहेर पडा. पोलीस व तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत न ठेवता सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे, अशी कायद्याची तरतूद आहे.

७. जवळच्या डॉक्टरांना बोलवा. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने कोणताही नोंदणीकृत डॉक्टर साधारणतः ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. रुग्णाला मनोरुग्णालयात हलवणे हेही त्यात येते. ‘हे आमचे काम नाही’ असे म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही याची आठवण करून द्यावी.

८. सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे : १४४१६.

रुग्णाला दाखल करताना आधार कार्ड आणि जुने कागद आपण आठवणीने नेतो. त्यांबरोबर एका कागदावर आणखी चार गोष्टी लिहून सिस्टरांच्या हाती द्या : याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने तो बिथरतो, कशाने शांत होतो आणि चिडण्याआधी तो काय करू लागतो. ‘बापूराव म्हटले की खूश होतो, अंधारात झोपत नाही, रेडिओवर भजन लावले की बसतो, रागावण्याआधी सारखे हात धुतो.’ ही माहिती कोणत्याही तपासणीत सापडत नाही. ती फक्त घराला ठाऊक असते. रात्री अडीच वाजता तुमचा माणूस दारावर धडका देऊ लागेल, तेव्हा त्या अनोळखी सिस्टरच्या हाताशी इंजेक्शनच्या आधी हा कागद असू द्या.